सर्वोत्तम कंपनीचे प्रगतिपुस्तक आणि जातीचा कोरा रकाना

अमेरिकेतील 'फॉर्च्युन' हे नियतकालिक आणि 'ग्रेट प्लेस टू वर्क' ही संस्था दरवर्षी नोकरी करण्यासाठी सर्वोत्तम अशा शंभर कंपन्यांची यादी जाहीर करतात. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे या यादीत पहिला क्रमांक सिस्को सिस्टिम्स या कंपनीने पटकावला. जगभरातील इंटरनेटचे जाळे ज्या यंत्रांवर चालते ती यंत्रे बनवणारी ही कंपनी. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात तिचे मुख्यालय आहे. तिथे भारतीय अभियंत्यांची संख्या मोठी आहे आणि त्यात मराठी मुलेही आहेत.

याच कंपनीविरुद्ध ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने न्यायालयात दावा दाखल केला होता. आरोप होता जातिभेदाचा. एका दलित अभियंत्याला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून हिणवले, त्याने तक्रार केल्यावर त्याच्यावर सूड उगवला आणि कंपनीने ते थांबवले नाही, असे सरकारचे म्हणणे. अमेरिकेत एखाद्या खाजगी कंपनीविरुद्ध सरकारने जातिभेदासाठी न्यायालयात जाण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. कंपनीने आरोप नाकारले आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

म्हणजे एकीकडे न्यायालयात जातिभेदाचा दावा चालू आणि दुसरीकडे त्याच वर्षांत 'नोकरीसाठी सर्वोत्तम कंपनी' म्हणून पहिला नंबर! या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडू शकतात? आज आपली हजारो मुले-मुली हिंजवडी, खराडी, ऐरोली, बंगळूर, हैदराबाद येथील संगणक कंपन्यांत नोकरी करीत आहेत किंवा तिथे जाण्यासाठी धडपडत आहेत. कंपनी निवडताना ही मुले अशा याद्या आणि मानांकने पाहतात. म्हणून हा प्रश्न सिस्कोपुरता किंवा अमेरिकेपुरता उरत नाही.

गुण देतो कोण?

अशी मानांकने ठरतात कशी ते आधी समजून घेऊ. कंपनी स्वतः पैसे भरून आपल्या कर्मचाऱ्यांचे सर्वेक्षण करवून घेते. कर्मचाऱ्यांपुढे साधारण साठ विधाने ठेवली जातात आणि प्रत्येक विधान त्यांना किती पटते हे पाच पायऱ्यांत विचारले जाते. व्यवस्थापनाची विश्वासार्हता, कर्मचाऱ्याचा आदर, न्याय्य वागणूक, कामाचा अभिमान आणि सहकाऱ्यांतील जिव्हाळा हे त्यातले पाच विषय. उत्तरांची बेरीज-सरासरी निघते, त्यावरून प्रमाणपत्र आणि क्रमांक ठरतो. १९८१ ते १९९६ च्या सुमारास जन्मलेल्यांना 'मिलेनियल' पिढी म्हणतात. या पिढीच्या उत्तरांवरून वेगळी यादीही निघते, कारण आज संगणक उद्योगाचा कणा हीच पिढी आहे. तिला खूश ठेवल्याशिवाय कंपनी चालत नाही.

ही पिढी खोटे बोलते असे आमचे म्हणणे नाही. सोयीच्या वेळा, घरून काम करण्याची मुभा, आरोग्य विमा, नवे शिकण्याची संधी, वरिष्ठाला नावाने हाक मारण्याची मोकळीक हे सारे खरे आहे. गिरणीत, खाणीत किंवा सरकारी कचेरीत ज्यांच्या बापांनी आयुष्य काढले त्यांना तर हे नवल वाटणारच. प्रश्न उत्तरांच्या खरेपणाचा नाही. प्रश्न कोणाला विचारले, काय विचारले आणि बेरजेत कोण बुडाले, हा आहे.

प्रश्नावलीत वंशाचा विचार न करता न्याय्य वागणूक मिळते का, असे विधान असते. लिंग, वय आणि लैंगिक कल यांबद्दलही अशी विधाने असतात. जातीबद्दल मात्र अमेरिकेतल्या या ठरलेल्या विधानांत काही नाही. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर कसे मिळणार? रक्त न तपासता रक्तात दोष नाही म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरवर आपण विश्वास ठेवू का?

आता सरासरीचा हिशेब पाहा. समजा शंभर जणांच्या विभागात दोन दलित आहेत. अठ्ठ्याण्णव जण म्हणाले की इथे न्याय आहे, दोघे म्हणाले की नाही. निकाल लागला अठ्ठ्याण्णव टक्के! वर्तमानपत्रात जाहिरात झळकली. त्या दोघांचा आवाज सांख्यिकीच्या भाषेत किरकोळ ठरला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या एका अभ्यासाचा नेहमी हवाला दिला जातो. त्यानुसार अमेरिकेतील भारतीय स्थलांतरितांत दलित व खालच्या मानलेल्या जातींचे प्रमाण अवघे दीड टक्का होते. दीड टक्क्याचे दुःख सरासरीत दिसत नाही. बहुमताच्या समाधानाला न्याय समजणे हीच मोठी फसगत आहे. बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी आयुष्यभर जो युक्तिवाद केला त्याचे मूळ नेमके इथे आहे.

विणकाम खात्याचा धडा

हा अनुभव आपल्याला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त मिळे. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा स्पृश्य कामगाराला चालत नसे. ही बंदी मालकापेक्षा सोबतच्या स्पृश्य कामगारांनीच घट्ट धरून ठेवली होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. संपात आमची एकजूट हवी असेल तर विणकाम खात्याचे दार आम्हाला उघडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

कल्पना करा, त्या वेळी विणकाम खात्यात कोणी असे सर्वेक्षण घेतले असते तर? 'सहकाऱ्यांत जिव्हाळा आहे का?' सगळ्यांनी होय म्हटले असते. 'इथे एका कुटुंबासारखे वाटते का?' होय. कुटुंबासारखे वाटणारच, कारण सगळे एकाच दारातून आत आलेले होते. ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांना कोणी प्रश्नावली दिली नसती. आज कंपन्या उमेदवार 'आमच्या संस्कृतीत बसतो का' हे पाहतात. ही संस्कृती कोणाची, तिच्यात बसायचे म्हणजे कोणासारखे दिसायचे, बोलायचे आणि खायचे, हा प्रश्न धोट्याच्या धाग्याइतकाच जुना आहे.

दावा काय सांगतो?

कॅलिफोर्नियाच्या दाव्यातले आरोप वकिलाच्या नजरेने वाचण्यासारखे आहेत. तक्रारदार २०१५ मध्ये नोकरीला लागला. त्याच्या चमूत बहुतेक सवर्ण भारतीय होते. तो आयआयटीत राखीव जागेवर आला होता ही गोष्ट वरिष्ठाने इतर सहकाऱ्यांना सांगितली, असा आरोप आहे. बंगळुरात, पुण्यात 'जेईईला रँक किती होती?' हा प्रश्न किती सहज विचारला जातो! त्यामागे काय चाचपडले जाते हे आपल्या मुलांना बरोबर कळते. तक्रारदाराने नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे तक्रार केली. त्यावर, जातीवरून भेदभाव करणे बेकायदेशीर नाही, अशी भूमिका कंपनीकडून घेतली गेली, असे सरकारने दाव्यात म्हटले आहे.

पुढे कंपनीने हा वाद न्यायालयाबाहेर लवादाकडे नेण्याचा प्रयत्न केला, कारण नोकरीच्या करारात लवादाची अट होती. २०२२ मध्ये अपिलीय न्यायालयाने ते मान्य केले नाही. करार कर्मचाऱ्याने केला आहे, सरकारी खात्याने नाही, तेव्हा खाते त्या अटीला बांधील नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी दुसरा मुद्दा आला तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचा. भारतातील त्याच्या नातेवाइकांना होऊ शकणारा त्रास खालच्या न्यायालयाने विचारात घ्यायला हवा होता, असे अपिलीय न्यायालयाने सांगितले. या मुद्द्याकडे बारकाईने पाहावे. न्यायालयात सरकार ज्याच्या पाठीशी उभे आहे त्या माणसालाही नाव सांगायची भीती वाटते. मग वरिष्ठ शेजारच्या टेबलावर बसलेला असताना संगणकावर आलेल्या प्रश्नावलीत दलित कर्मचारी मोकळेपणाने लिहील का? उत्तरे गुप्त राहतात असे कितीही सांगितले तरी दहा जणांच्या चमूत जातीची तक्रार करणारा कोण, हे ओळखायला वेळ लागत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेतला आणि कंपनीविरुद्धचा दावा पुढे चालू ठेवला. विरोधकांनी त्याचा गाजावाजा 'जातिभेद नव्हताच' असा केला. दोन व्यक्तींविरुद्धचा दावा मागे घेणे म्हणजे कंपनीला निर्दोष ठरवणे नव्हे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते. त्याचप्रमाणे आरोप म्हणजे निकाल नव्हे, हेही आपण विसरू नये. पण या दाव्याने एक काम केले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील तीस दलित महिला अभियंत्यांनी नावे गुप्त ठेवून निवेदन काढले आणि गुगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सिस्को अशा कंपन्यांतले आपले अनुभव जगापुढे मांडले. ॲपल कंपनीने २०२० मध्येच आपल्या आचारसंहितेत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. आयबीएमनेही धोरणात 'जात' हा शब्द घातला. २०२२ च्या एप्रिलमध्ये गुगलमध्ये मात्र दलित कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांचे व्याख्यान कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाले आणि ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. कर्मचाऱ्यांच्या पसंतीत अग्रभागी असणाऱ्या या कंपनीत जातीवर एक व्याख्यानही पचले नाही.

आकड्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इक्वालिटी लॅब्स या संघटनेच्या २०१८ च्या अहवालात ६७ टक्के दलित उत्तरदात्यांनी कामाच्या ठिकाणी अन्याय झाल्याचे सांगितले. कार्नेगी संस्थेच्या २०२१ च्या अहवालात केवळ ५ टक्के भारतीय अमेरिकनांनी जातिभेद अनुभवल्याचे म्हटले. विरोधक दुसरा आकडा नाचवतात. पण पहिला आकडा दलितांना विचारून आला आणि दुसरा सर्व भारतीयांना विचारून. पहिल्यातले उत्तरदाते सर्वांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, म्हणून तो साऱ्या दलितांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. पण ज्यांच्यात दलित मूठभर, त्यांना विचारून दलितांचे दुःख मोजता येत नाही, हेही तितकेच खरे. सरासरीचा तोच खेळ पुन्हा!

सिॲटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी क्षमा सावंत यांच्या पुढाकाराने जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी तसे विधेयक मंजूर केले, पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्याला नकाराधिकार वापरला. कारण दिले की, वंशपरंपरेवरून भेदभाव करण्यास आधीच बंदी आहे, तेव्हा वेगळ्या कायद्याची गरज नाही. कायदा झाला नाही, पण जात ही आधीच्या बंदीतच येते असे खुद्द गव्हर्नरने लेखी म्हटले. सिस्कोच्या मनुष्यबळ विभागाने जी भूमिका घेतल्याचा आरोप आहे, तिला हे उत्तरच आहे.

आपल्या देशात काय?

अमेरिकेला नावे ठेवण्याआधी आपले घर पाहू. भारतात खाजगी कंपनीतील स्त्रीच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर तक्रार समिती सक्तीची आहे. दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा खाजगी आस्थापनेलाही समान संधीचे धोरण जाहीर करायला लावतो. एचआयव्ही बाधितांसाठी २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा नोकरीतील भेदभावाला मनाई करतो. २०१९ ची वेतन संहिता वेतनात व भरतीत लिंगावरून भेदभाव करू नये असे सांगते. हे सगळे कायदे हवेच होते, त्यांचे स्वागतच आहे. पण ज्या देशात जात जन्माला आली त्या देशात खाजगी नोकरीतील जातिभेदाविरुद्ध असा एकही स्वतंत्र दिवाणी कायदा केंद्राने केलेला नाही. हा योगायोग समजायचा का?

कोणी म्हणेल, ॲट्रॉसिटी कायदा आहे ना! आहे, आणि तो आपले शस्त्र आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तो आणखी व्यापक झाला. जातीमुळे नोकरी-व्यवसाय करण्यापासून अडवणे हाही त्यात गुन्हा आहे. पण तो फौजदारी कायदा आहे. त्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो आणि जातिवाचक अपमानाच्या कलमाला तो लोकांच्या नजरेसमोर झाल्याचा पुरावा लागतो. बंद खोलीतल्या मूल्यमापनात दोन गुण कमी देणे, चांगल्या प्रकल्पातून हळूच बाजूला काढणे, परदेशी पाठवायच्या यादीतून नाव वगळणे, हे कुठल्या पोलीस ठाण्यात आणि कसे सिद्ध करायचे? अशा भेदभावासाठी दिवाणी उपाय लागतो, जिथे अधिक संभाव्य बाजू कोणती यावर निर्णय होतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याला जो रस्ता उपलब्ध होता तो नागपूरच्या किंवा पुण्याच्या तरुणाला नाही.

भेदभाव भरतीच्या दारातच सुरू होतो, याचा पुरावा आपल्याच माणसाने दिला आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच निघाली. अर्जातली माणसे खरी नव्हती, गुणवत्ता तंतोतंत सारखी होती, तरी आडनावाने काम केले! गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

पिढी बदलली, जात बदलली का?

मिलेनियल पिढी जात मानत नाही, असे मोठ्या आवाजात सांगितले जाते. ही पिढी मंडल आयोगाच्या घोषणेच्या आणि जागतिकीकरणाच्या काळात वाढली. २००६ मध्ये उच्च शिक्षणातील ओबीसी आरक्षणाविरुद्ध रस्त्यावर झाडू मारून निदर्शने करणारी मुले याच पिढीची होती. झाडू मारणे म्हणजे अधःपतन, हा त्या निदर्शनांचा संदेश होता. आज ती पिढी चाळिशीत आहे आणि कंपन्यांत मुलाखती घेण्याच्या, मूल्यमापन करण्याच्या खुर्चीवर बसली आहे. १९८९ मध्ये जन्मलेला रोहित वेमुलाही याच पिढीचा. एकाच पिढीला दोन वेगळे भारत वाट्याला आले. मग 'मिलेनियल कर्मचाऱ्यांचे मत' असे एकवचनी मत कुठून आणायचे?

जात विचारली की जात वाढते, असा युक्तिवाद होतो. मग लिंग विचारल्याने स्त्रियांवरचा अन्याय वाढला का? उलट स्त्रियांची संख्या मोजायला लागल्यावरच कंपन्यांना लाज वाटू लागली. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात किती स्त्रिया, किती दिव्यांग हे सांगावे लागते. अनुसूचित जाती-जमातीचे किती, हा रकाना त्यात नाही. २००६-०७ मध्ये मनमोहन सिंग सरकारच्या आग्रहानंतर उद्योग संघटनांनी स्वेच्छेने सामाजिक न्यायाची आचारसंहिता स्वीकारली होती. स्वेच्छेवर सोडलेला न्याय किती चालतो, हे इतक्या वर्षांनी निराळे सांगायला नको.

काय मागायचे, काय करायचे?

म्हणून चळवळीने आता नेमक्या मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. पहिली, प्रत्येक कंपनीच्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द असलाच पाहिजे. ॲपल आणि आयबीएमला जमते ते इथल्या कंपन्यांना का जमू नये? दुसरी, कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक सर्वेक्षणात जातीबद्दल स्वतंत्र प्रश्न असावा आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्यांची उत्तरे, त्यांची ओळख उघड न करता, वेगळी मोजली जावीत. तिसरी, तक्रार समितीत या वर्गाचा आणि कंपनीबाहेरचा प्रतिनिधी असावा. चौथी, सेबीच्या अहवालात जातीचा रकाना यावा. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, खाजगी नोकरीतील जातिभेदाविरुद्ध दिवाणी कायदा. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी घटनेतच मांडली होती. सरकारी अन्यायाइतकाच समाजाचा आणि मालकाचा अन्यायही घातक असतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आणि नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांना, वकील म्हणून, चार गोष्टी. नेमणुकीचे पत्र आणि कंपनीचे धोरण नीट वाचा, त्यात लवादाची अट आहे का ते पाहा. अपमान झाला तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा. तक्रार तोंडी करू नका, लेखी करा आणि तिची पोच ठेवा. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर नेऊ नका, पण तुमच्या मूल्यमापनाचे कागद आणि तुमच्या तक्रारीचा पत्रव्यवहार जपा. आणि एकटे राहू नका. सिस्कोच्या प्रकरणात अमेरिकेतील आंबेडकरी संघटना न्यायालयापर्यंत गेल्या, आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरने आपले म्हणणे न्यायालयापुढे मांडले. तिथे मूठभर लोकांना जे जमले ते पुण्या-मुंबईत, जिथे आपण लाखांनी आहोत, तिथे का जमू नये? शहरातल्या संगणक अभियंत्यांनी, वकिलांनी आणि कामगार संघटनांतल्या कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन अशा तक्रारींसाठी कायमचे मदत केंद्र उभे करायला हवे. येत्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या वर्गणीतला एक हिस्सा त्यासाठी काढला तरी सुरुवात होईल.

कंपन्यांना पहिला नंबर मिळो, त्याबद्दल आपली तक्रार नाही. पण ज्या प्रश्नपत्रिकेतून आपला प्रश्नच गाळला आहे, तिच्या निकालाला आपण मान डोलावू नये. आधी प्रश्न विचारा, उत्तरे वेगळी मोजा आणि मग सांगा कोणती कंपनी सर्वोत्तम ते.

जयभीम!